हरभऱ्याएवढं सनस्क्रीन

परवा नववीतली नात सुट्टीला आली. सकाळी माझ्याबरोबर अंजूर फाट्यापर्यंत यायचं होतं, तर आधी सनस्क्रीन! बोटावर हरभऱ्याएवढं घेतलं, तोंडाला चोळलं. मान, हात तसेच कोरडे.

"अगं, ऊन काय तोंडावरच पडतं?"

"आजी, टॅन झाले की फोटोत काळी दिसते मी."

ऊन बाधतं म्हणून नाही, काळी दिसते म्हणून. मला एकदम १९७५ साल आठवलं.

खरं म्हणजे सनस्क्रीनचा जन्म भाजण्यातून झाला. ऑस्ट्रियाचा फ्रान्झ ग्रायटर १९३८ साली आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढताना उन्हाने पोळला, आणि १९४६ च्या सुमारास त्याने आपलं क्रीम बाजारात आणलं. आमच्या अंजूरच्या बायका तेव्हाही भात लावत होत्या. डोक्यावर पदर, ओझं असेल तर पदरावर चुंबळ. उन्हाचा बंदोबस्त एवढाच. (आता त्याच खाचरांवर गोदामं आहेत, ते असो.)

आपल्याकडे ट्यूब आली ती दुसऱ्याच वाटेने. माझ्या आईच्या काळात मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो होता, १९१९ पासूनचा. मग १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली आणलं. गंमत अशी, की त्या क्रीममध्ये ऊन अडवणारी द्रव्यंही होती. पण मुलींनी विकत घेतला तो गोरेपणा. २०२० मध्ये नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. मनातला कुठे जातो!

तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. गॅदरिंगला भारतमाता हवी होती. वर्गात एका सावळ्या मुलीचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मी निवडली दुसरी, गोरी. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती सावळी मुलगी तोंडाला पावडर थापून आली. वर्ग हसला. मी हसले नाही, पण कोणाला गप्पही केलं नाही.

नातीला म्हटलं, लावायचं तर नीट लाव. डॉक्टर सांगतात ते दोन बोटं भरून, चेहऱ्याला आणि मानेला, आणि उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. सावळ्या कातडीलाही ऊन बाधतं, वांग येतात, त्यासाठी लाव. मग ती पावडरची गोष्टही सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भारतमाता कोण झाली होती?"

त्या गोऱ्या मुलीचं नाव काही केल्या आठवेना. दुसरीचं आठवतं, हजेरीपटातल्या नंबरासकट.