आकाशवाणीला उलट प्रश्न

मैसूर शहराच्या उत्तर भागात मेटगळ्ळी नावाची वसाहत आहे. आज ती कारखान्यांसाठी ओळखली जाते. तेथून जवळच यादवगिरी लागते. या परिसरात मैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी राहत असत. १० सप्टेंबर १९३५ रोजी त्यांनी आपल्या राहत्या घरी, हौसेने आणि पदरमोड करून, एक छोटेसे ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव होते ‘आकाशवाणी’. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.

नाव साजेसे खरे. पण त्यात एक गोम होती. पुराणांतली आकाशवाणी नेहमीच एकतर्फी असते. देवकीची वरात निघाली असता कंसाने ती ऐकली, पण तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय त्याला नव्हती. वाणी झाली आणि विरून गेली. पुढे जे करायचे ते ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने किंवा भयाने करावे. नभोवाणीचे यंत्रही मुळात याच जातीचे. बोलणारा एक, ऐकणारे असंख्य, आणि त्या ऐकणाऱ्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. या यंत्राच्या आधाराने परक्या माणसांना एकत्र बसवता येईल काय, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आकाशातून उत्तर देता येईल काय, याची पारख आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती महाराष्ट्राच्या खेड्यांत, १९५६ साली.

कल्पनेचे मूळ दूरचे होते. कॅनडात शेतकऱ्यांची घरे एकमेकांपासून मैलोगणती अंतरावर विखुरलेली. तेथे १९४१ पासून शेजारपाजारचे शेतकरी एखाद्याच्या घरी जमत, नभोवाणीवरील चर्चा ऐकत, मग आपसांत बोलत आणि आपले म्हणणे लिहून कळवीत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते. युनेस्कोच्या साहाय्याने हीच रीत भारतात करून पाहण्याचे ठरले, आणि त्यासाठी निवड झाली २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राची.

त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा जिल्हा. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. चिटणिसाचे काम पुष्कळदा गावच्या शाळामास्तरांकडे येई. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. विषय शेतीचे होते, तसेच आरोग्याचे, साक्षरतेचे आणि गावकारभाराचेही होते.

हे सभासद एकाच गावचे. मग त्यांना परके कसे म्हणावे? पण गाव एक असले म्हणजे बैठक एक असतेच असे नाही. गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा, बागाईतदार आणि जिराईतवाला, पाटलाच्या वाड्यावर सहज येणारा आणि त्या वाड्याच्या पायरीशी थबकणारा, हे सारे एकमेकांना नावाने ओळखत. पण एखाद्या प्रश्नावर एकत्र बसून विचार करण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येई. थोरांनी बोलावे आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, ही जुनी वहिवाट. या अर्थाने जन्मभर शेजारी राहिलेली माणसेही परस्परांना अनोळखीच होती.

येथे त्या यंत्राच्या मांडणीतील मर्म ध्यानात येते. कार्यक्रम संपला की यंत्र बंद होई आणि खरे काम मग सुरू होई. ऐकलेले आपल्या गावाला लागू पडते का, पडत नसेल तर का, याची चर्चा होई. चिटणीस तिचा गोषवारा लिहून पुण्याला पाठवी. न सुटलेले प्रश्न त्यात असत आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात. आपल्या गावाने विचारलेला प्रश्न पाच जिल्ह्यांच्या कानी पडतो आहे, हे ऐकताना एखाद्या अबोल शेतकऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. आकाशवाणीला उलट प्रश्न विचारता येऊ लागला तो असा.

या उपक्रमाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे सूत्रधार होते प्रा. पॉल न्यूरथ. हे गृहस्थ व्हिएन्नाचे. हिटलरच्या राजवटीत त्यांनी डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतला बंदिवास भोगला होता आणि पुढे ते अमेरिकेत समाजशास्त्राचे अध्यापक झाले. एकच आवाज लाखोंच्या कानांवर आदळवीत ठेवला म्हणजे काय घडते, हे त्यांच्या पिढीने आपल्या देशात पाहिले होते. तेच यंत्र येथे माणसांना बोलते करण्यासाठी वापरले जात होते.

न्यूरथ यांनी मंडळ असलेली गावे आणि मंडळ नसलेली गावे यांची तुलना केली. मंडळ नसलेल्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले. इतरत्र वाढ फारच थोडी झाली. म्हणजे नुसता रेडिओ असणे पुरेसे ठरले नाही. एकत्र बसून बोलल्यामुळे एकाला ठाऊक असलेले दहांना कळले, आणि दहांच्या शंकांनी त्या एकाचे ज्ञानही तपासले गेले. बोलण्यातून कृतीही निघाली. कुठे विहिरी खणल्या गेल्या, कुठे जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, कुठे बालवाडी निघाली.

उणिवाही होत्या. मंडळांत बहुतेक सारे पुरुष. ज्या घरांच्या आरोग्याची आणि धान्याची चर्चा चाले, ती घरे चालविणाऱ्या बायका त्या बैठकीपासून दूरच राहिल्या. एवढे मोठे न्यून केवळ काळाच्या नावावर टाकून चालणार नाही.

नोव्हेंबर १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारांच्या घरात गेली. पण संख्या वाढविणे सोपे, जिव्हाळा वाढविणे कठीण. यंत्र बिघडले तर ते कोण दुरुस्त करणार, गोषवारा आला तर तो कोण वाचणार, प्रश्नाला वेळेवर उत्तर कोण देणार, या साध्या गोष्टींवर सारा डोलारा उभा होता. पुण्याच्या प्रयोगात त्यांकडे लक्ष देणारी माणसे होती. विस्तारात ती पुरी पडली नाहीत. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि घरोघरी, बांधोबांधी पोहोचला. ऐकणे सुलभ झाले. पण ऐकण्यासाठी चावडीवर जमण्याचे निमित्त संपले.

आज तळहातावरच्या फोनमध्ये बोलणे, ऐकणे आणि उलट विचारणे या तिन्ही सोयी एकवटल्या आहेत. १९५६ च्या चिटणिसाला जे पोस्टाने कळवावे लागे, ते आता क्षणात कळविता येते. तरी त्या दहा आठवड्यांनी शिकविलेला धडा जुना झालेला नाही. परक्यांना शेजारी बसविण्याचे काम कोणतेही यंत्र आपण होऊन करीत नाही. त्यासाठी सर्वांना येता येईल अशी जागा लागते, ठरलेली वेळ लागते, अबोलाला बोलते करणारा अध्यक्ष लागतो, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेलच असा भरवसा लागतो. एवढे जमले तर साधा रेडिओही शाळा होतो. न जमले तर उत्तमोत्तम यंत्रही पुन्हा ती पुराणांतली एकतर्फी वाणीच ठरते.