मेंदूचे चित्र आणि औषधाची परीक्षा

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कोन हे गाव येते. मुंबईतील गिरणी कामगारांसाठी २०१६ साली घरांची जी सोडत निघाली, तिच्यातील २,४१७ घरे या कोनमधली. ताबा मिळायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली. १९८२ च्या संपात जो कामगार तिशीत होता, तो आज सत्तरीच्या पुढे आहे. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढू लागतो तो याच वयात.

येथे राहायला आलेल्या एका काकूंनी मला मागे विचारले, ‘‘सर, हे लालबागला साच्यावर होते. आता चहा घेतलेलासुद्धा विसरतात. परळला मेंदूचा फोटो काढतात म्हणे. त्यात यांना काय झालंय ते दिसेल का? आणि औषध लागू पडलं की नाही, तेही दिसेल?’’

प्रश्न दोन आहेत, आणि दोन्ही अचूक आहेत. अल्झायमर रोगावरील औषधांच्या चाचण्यांचा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरतो.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. १९०६ मध्ये ती वारली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप करून, चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर एका पदार्थाचे साके आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते त्यांना दिसले. साक्यांमधील प्रथिनाला आज आपण अमायलॉइड म्हणतो, गुंत्यांमधील प्रथिनाला टाऊ. रोगाचा पुरावा सापडला, पण तो मृत्यूनंतर. रुग्ण जिवंत असताना निदान करायचे ते लक्षणांवरून, असेच पुढे अनेक दशके चालले.

औषधाची परीक्षा घेताना ही उणीव फार जाणवते. टॅक्रिन (१९९३) आणि डोनेपेझिल (१९९६) या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, ती स्मरणशक्तीच्या प्रश्नावल्यांतील गुण आणि डॉक्टरांनी केलेले मूल्यमापन यांच्या आधारे. ही औषधे लक्षणे थोडी सौम्य करतात, रोग थांबवत नाहीत. शिवाय गुण दिवसागणिक बदलतात. विद्यार्थ्याचे एका दिवशीचे गुण म्हणजे त्याचे ज्ञान नव्हे, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

जिवंत मेंदू पाहण्याची वाट १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुली झाली. लंडनमधील एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. पुढे एमआरआय आले. या दोन्ही यंत्रांतून मेंदूची रचना दिसते: गाठ, रक्तस्राव, आकुंचन. अमायलॉइड मात्र त्यांत दिसत नाही.

दुसरी वाट पेट या तंत्राची. ग्लुकोजसारख्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून तो शिरेतून देतात. त्यातून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोघेही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीचे शोधक ते टिपतात आणि संगणक चित्र रचतो. एफडीजी नावाचा हा पदार्थ १९७६ मध्ये माणसाला प्रथम दिला गेला तो फिलाडेल्फियात. तो तयार झाला होता न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथे आणि विमानाने आणला होता. अल्झायमरमध्ये मेंदूचे ठराविक भाग ग्लुकोज कमी वापरतात, हे एफडीजीच्या चित्रांतून दिसले.

२००२ या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. जानेवारीत एएन-१७९२ या अमायलॉइडविरोधी लशीची चाचणी थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्या ३०० पैकी १८ जणांच्या मेंदूला व त्याच्या आवरणाला दाह झाला. १४ फेब्रुवारीला स्वीडनमधील उप्साला येथे पिट्सबर्ग पदार्थ, म्हणजे पिब, एका रुग्णाला प्रथम देण्यात आला. क्लंक आणि मॅथिस यांनी बनवलेला हा पदार्थ अमायलॉइडला चिकटतो. त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूतील साके चित्रात उमटले. आणि त्याच वर्षी परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र सुरू झाले. काकूंनी ऐकलेला परळचा फोटो तो हाच. त्याचा मुख्य उपयोग कर्करोगासाठी होत आला आहे.

पिबमध्ये कार्बन-११ असतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटे, तर फ्लोरिन-१८ चा ११० मिनिटे. समजा, परळहून कोनला यायला गाडीला ११० मिनिटे लागली. फ्लोरिन-१८ निम्मा उरेल. कार्बन-११ चे मात्र साडेपाच अर्धायुकाल संपलेले असतील आणि त्याचा सुमारे पंचेचाळिसावा भागच शिल्लक असेल. म्हणून जिथे सायक्लोट्रॉन, तिथेच पिब. अनेक शहरांत एकाच वेळी चालणारी मोठी चाचणी त्यावर उभी राहणे कठीण होते. अमायलॉइडला चिकटणारा, फ्लोरिन-१८ असलेला फ्लोरबेटापिर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाला आणि ही अडचण बरीच दूर झाली.

चित्रांनी चाचण्यांना पहिला धडा दिला तो निवडीचा. बॅपिन्युझुमॅब या प्रतिपिंडाच्या मोठ्या चाचण्या २०१२ मध्ये अपयशी ठरल्या. त्यांतील काही रुग्णांची पेट चित्रे घेतली होती. एपीओई-४ हे जनुक नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या मेंदूत लक्षणीय अमायलॉइड नव्हतेच! जे नाही ते काढण्याचे औषध त्यांना दिले जात होते. त्यानंतर अशा औषधांच्या चाचण्यांत प्रवेशापूर्वीच अमायलॉइडची खात्री करून घेणे रूढ झाले.

दुसरा धडा अधिक कठोर होता. याच औषधाच्या २८ रुग्णांवरील आधीच्या छोट्या चाचणीत, ७८ आठवड्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्या पिब चित्रांत सुमारे २५ टक्क्यांचा फरक पडला होता. चित्र सुधारले, मोठ्या चाचण्यांत माणसे सुधारली नाहीत. एएन-१७९२ घेतलेल्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात साके जवळजवळ नाहीसे झालेले आढळले, तरी ते तीव्र स्मृतिभ्रंशातच वारले होते. लशीने प्रतिपिंडे तयार झालेल्यांचा मेंदू एमआरआयमध्ये उलट जास्त आकसलेला दिसला. वहीतल्या लाल खुणा खोडल्या म्हणून मुलाला गणित येऊ लागत नाही.

तरीही २०२१ मध्ये ॲड्युकॅनुमॅबला अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली ती मुख्यतः पेट चित्रातील अमायलॉइड घटल्यामुळे. सल्लागार समितीचे मत प्रतिकूल होते. मोठा वाद झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने औषध बंद करत असल्याचे जाहीर केले. लेकॅनेमॅबची कहाणी वेगळी. १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांत अमायलॉइड खूपच घटले आणि १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणाचा फरक पडला. म्हणजे ऱ्हास थांबला नाही, सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. मात्र औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज आली. बहुतेकांना ती जाणवलीही नाही. दिसली ती एमआरआयमध्ये. धोका वेळेवर ओळखणे हेही आता चित्राचेच काम झाले आहे. डोनानेमॅबच्या चाचणीत तर अमायलॉइड पुरेसे गेल्याचे पेटमध्ये दिसताच औषध थांबवले गेले.

मग काकूंना काय सांगायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर: चित्रात साके दिसू शकतात, पण स्मृती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही ते असतात. म्हणून एकट्या चित्रावरून निदान होत नाही. त्याआधी थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व आणि नैराश्य यांची तपासणी हवी. विसराळूपणाची ही कारणे उपचारांनी सुधारू शकतात आणि त्यासाठी पेट लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: औषध साक्यांपर्यंत पोचले की नाही, ते चित्रात दिसते. लागू पडले की नाही, ते काकूंनाच दिसेल. चहा घेतल्याचे त्यांना आठवते का, यावरून. मी त्यांना आधी रक्ततपासणी करून घ्यायला सांगितले.

वर्गात अर्धायुकाल शिकवताना परळ ते कोन हे उदाहरण जरूर घ्या. दोन्ही समस्थानिकांचे आलेख मुलांकडून एकाच कागदावर काढून घ्या. मग त्यांना विचारा: आपण जे मोजतो आणि आपल्याला जे हवे असते, ते नेहमी एकच असते का? आलेखाचे उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्या प्रश्नावर मुलांना बोलू द्या.