फोन टॅपिंग (महाराष्ट्र)

फोन टॅपिंग म्हणजे दूरध्वनीवरील संभाषण बोलणाऱ्यांच्या नकळत शासकीय यंत्रणेने ऐकणे किंवा ध्वनिमुद्रित करणे. पंढरपूर, शिर्डी, शेगाव येथील मंदिर परिसरांत दिसणारे कॅमेरे हा निराळा विषय होय. ते उघडपणे बसवलेले असतात आणि भाविकांना ते ठाऊक असतात. टॅपिंग मात्र कायद्यानेच गुप्त ठेवलेले आहे. त्यामुळे "सरकार माझ्यासारख्या सामान्य माणसाचे बोलणे कशाला ऐकेल?" या प्रश्नाचे ठाम उत्तर कोणत्याही नागरिकाला सहसा मिळत नाही.

कायदेशीर तरतुदी

भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) नुसार 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' यांपैकी एक कारण असल्याशिवाय संदेश अडवता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात या अधिकारावर मर्यादा घातल्या. आदेश केंद्राच्या वा राज्याच्या गृह सचिवानेच द्यावा आणि एका समितीने तो तपासावा, असे ठरले. पुढे २००७ मध्ये नियम ४१९-अ आला. त्यानुसार आदेशाची मुदत ६० दिवस आणि मुदतवाढ धरून कमाल १८० दिवस होती. दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि त्याखालील डिसेंबर २०२४ चे नियम यांनी ही जुनी व्यवस्था बदलली, पण तिचा सांगाडा तोच राहिला. परवानगी प्रशासनच देते आणि तपासणीही सचिवांचीच समिती करते. न्यायाधीशाची पूर्वसंमती लागत नाही. ज्याचे बोलणे ऐकले गेले, त्याला नंतरही तसे कळवण्याची तरतूद नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल

मुंबईतील एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला १० लाख रुपयांची लाच दिल्याचा आरोप केंद्रीय अन्वेषण विभागाने ठेवला होता. त्याचा फोन ऐकण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २००९ आणि २०१० मध्ये तीन आदेश काढले होते. ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून पुढे आल्यामुळे त्याला या आदेशांना आव्हान देता आले. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. लाचेचा आरोप गंभीर असला तरी त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल त्यामागे आधार म्हणून होता. येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हा गृहस्थ ना नेता होता ना पत्रकार, आणि खटला भरलाच गेला नसता तर आपला फोन ऐकला गेला हे त्याला कधीच कळले नसते.

महाराष्ट्रातील राजकीय नेत्यांचे प्रकरण

काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत आपला फोन टॅप झाल्याचा आरोप केला. ज्या काळाबद्दल हा आरोप होता, त्या काळात ते भाजपचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. चौकशीनंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात आणि मार्चमध्ये मुंबईच्या कुलाबा पोलीस ठाण्यात पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्याविरुद्ध गुन्हे नोंदवण्यात आले. पटोले यांचा क्रमांक 'अमजद खान' आणि आमदार बच्चू कडू यांचा 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाने प्रस्तावात दाखवला गेला व अमली पदार्थांच्या व्यापाराचे कारण दिले गेले, असा आरोप होता. कुलाब्याचा गुन्हा संजय राऊत आणि बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे यांच्याविषयी होता.

शुक्ला यांनी आरोप नाकारले. पुणे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि मुंबईच्या प्रकरणात राज्य शासनाने खटल्यास मंजुरी नाकारली. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. त्यामुळे साक्षीपुराव्यांसह या आरोपांची छाननी न्यायालयात झालीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

आरोपाची सत्यासत्यता बाजूला ठेवली तरी या प्रकरणाने व्यवस्थेतील एक उणीव दाखवली. टॅप होतो तो क्रमांक, नाव केवळ कागदावर असते. तो क्रमांक खरोखर कोणाचा आहे हे मंजुरी देणाऱ्याने स्वतंत्रपणे तपासले नाही, तर खासदार काय आणि शेगावचा किराणा दुकानदार काय, दोघेही त्या कागदावर सारखेच.

शंकेची पडताळणी

माहिती अधिकारातून मिळालेल्या आणि पुष्कळदा उद्धृत झालेल्या आकड्यांनुसार केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढत असे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात याच आधारे म्हटले, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या पुनर्विलोकन समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात आणि हे काम वास्तवात अशक्य आहे. स्वतःचा फोन टॅप झाला होता का, हे माहिती अधिकारात विचारणाऱ्या अर्जदाराला ती माहिती देता येणार नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला.

मोबाइलमध्ये शिरणाऱ्या पेगासस या हेरगिरी प्रणालीबाबतही काहीसे असेच घडले. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ज्यांना सावध केले, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये घातक प्रणाली आढळली, पण ती पेगाससच होती असे निश्चित सांगता आले नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नसल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.