मिटताना सा, उघडताना रे

मे १८२९. व्हिएन्ना शहरात ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्या सिरिल डेमियन नावाच्या अर्मेनियन वंशाच्या कारागिराने आपल्या दोन मुलांसह एका नव्या वाद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वाद्य म्हणजे एक छोटीशी लाकडी पेटी, तिला जोडलेला भाता आणि वर पाच चाव्या. एक चावी दाबली की एक स्वर वाजायचा नाही, तर एकमेकांत मिसळणारे तीन-चार स्वर एकदम वाजायचे. अशा स्वरपुंजाला जर्मन भाषेत ‘अकॉर्ड’ म्हणतात, म्हणून वाद्याचं नाव पडलं ‘अकॉर्डियन’.

त्या अर्जात डेमियनने आपल्या वाद्याचे गुण सांगितले आहेत. ते लहान आहे, प्रवासात सहज नेता येतं. आणि मुख्य म्हणजे, ज्याने संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही असा हौशी माणूससुद्धा थोड्या सरावाने त्यावर चाली वाजवू शकेल. व्हायोलिन किंवा पियानोबद्दल असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. ती वाद्यं शिकायची म्हणजे शिक्षक हवा, वेळ हवा, पैसा हवा. हे वाद्य मात्र पहिल्या दिवसापासून नवशिक्यासाठी बनलेलं होतं.

पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत ते युरोपातून निघून आयर्लंड, टेक्सस, लुइझियाना, ब्राझील, कोलंबिया अशा ठिकाणी पोचलं. तिथे ते बहुतेकदा शिक्षकाविना शिकलं गेलं. डेमियनचं आश्वासन कितपत खरं ठरलं, हे पाहायचं तर आधी हे वाद्य चालतं कसं ते पाहायला हवं.

एक बटण, दोन सूर

अकॉर्डियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या हिंदी चित्रपटगीतांतलं वाद्य येतं. गुडी सिरवई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी वाजवलेलं ते अकॉर्डियन पियानोसारख्या पट्ट्यांचं. बटणांचं अकॉर्डियन त्याचा थोरला भाऊ. वयाने मोठा, अंगाने लहान.

त्याचा सगळ्यात साधा प्रकार घेऊ. उजव्या हाताला एका ओळीत दहा बटणं, डाव्या हाताला खर्जासाठी फक्त दोन, मध्ये भाता. आता तिसऱ्या बटणावर बोट ठेवा आणि भाता मिटा. सा वाजेल. बोट न हलवता भाता उघडा. रे वाजेल. चौथं बटण मिटताना ग, उघडताना म. पाचवं मिटताना प, उघडताना ध.

इथपर्यंत गणित सरळ आहे. मिट, उघड, मिट, उघड. पण सहाव्या बटणावर क्रम उलटतो. मिटताना वरचा सा, उघडताना नी. म्हणजे ध वाजवून झाल्यावर भाता तसाच उघडत ठेवायचा, नी घ्यायचा आणि मग मिटून सा. जगभरातले नवशिके पहिल्या आठवड्यात अडखळतात ते इथे.

ज्यांनी जत्रेतला माउथ ऑर्गन फुंकला आहे, त्यांना हा हिशोब ओळखीचा वाटेल. तिथेही एकाच भोकात फुंकलं तर एक सूर, हवा ओढली तर दुसरा. दोन्ही वाद्यांचं पोट सारखंच आहे. धातूची पातळ पत्ती, म्हणजे रीड, हवेच्या झोताने थरथरते आणि सूर निघतो. आपली पेटीही याच कुळातली. पण पेटीत भात्याची हवा आधी आत साठते आणि मग रीडपर्यंत जाते, त्यामुळे भाता पुढे असो की मागे, सूर तोच राहतो. बटणांच्या अकॉर्डियनमध्ये हवा कुठल्या दिशेला चालली आहे, यावर सूर ठरतो.

ही रचना कशासाठी? एक कारण आटोपशीरपणाचं. एका बटणातून दोन सूर मिळाले की निम्म्या बटणांत काम भागतं, वाद्य हलकं आणि स्वस्त होतं. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. भाता मिटताना या ओळीत फक्त सा, ग आणि प हे तीनच स्वर पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे मिटताना शेजारची दोन-तीन बटणं चुकून एकदम दाबली गेली, तरी निघणारा आवाज गोडच असतो. नवशिक्याची चूक झाकण्याची सोय वाद्याच्या आतच केलेली आहे.

अर्थात सोय म्हटली की मर्यादा आलीच. एका ओळीत सगळे स्वर शुद्ध. कोमल ग, कोमल ध शोधून सापडणार नाहीत. या पेटीवर भैरवी वाजवण्याचा विचार सोडून द्यायचा.

श्वास पुरवून वापरणं

शिकताना बोटांपेक्षा भाता जास्त छळतो. एखाद्या चालीत उघडण्याचे स्वर लागोपाठ आले की भाता पूर्ण ताणला जातो आणि ऐन ओळीत हवा संपते. त्यासाठी डाव्या अंगठ्याजवळ हवेचं एक वेगळं बटण असतं. ते दाबलं की सूर न निघता हवा आत-बाहेर होते. ते कधी आणि किती दाबायचं हे चालीगणिक ठरतं. गाणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा हे ठरवावं लागतं, तसंच.

आणि या कटकटीतूनच वाद्याचा स्वभाव घडला. जवळजवळ प्रत्येक स्वराला दिशा बदलावी लागते, म्हणून प्रत्येक स्वराला एक छोटा धक्का बसतो. ठेका वेगळा शिकवावा लागत नाही, तो हाताच्या हालचालीत येतोच. पोल्का असो की वॉल्ट्झ, पाय हलवणारं संगीत या वाद्याने इतकं सहज उचललं ते त्यामुळे.

व्हिएन्नात १८३०च्या दशकातच अकॉर्डियन शिकवणारी पुस्तकं छापून निघाली. ऑस्ट्रियातल्या बटणांच्या अकॉर्डियनसाठी पुढे अशी एक लिपी रूढ झाली, जिच्यात कागदावरची खूण स्वर सांगत नाही, कुठलं बटण आणि भाता कुठल्या दिशेला एवढंच सांगते. पण ज्यांच्या हाती हे वाद्य पुढे जगभर गेलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुस्तक पाहिलं नाही. ते कानाने शिकले.

अर्धं वाद्य सोडून देणारा माणूस

एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक शेतकरी अमेरिकेत टेक्सस प्रांतात येऊन वसले. त्यांच्या सामानात अकॉर्डियन होतं आणि कानात पोल्का. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या स्पॅनिशभाषक शेतमजुरांनी ते ऐकलं आणि आपलंसं केलं. त्यांच्यातलाच एक नार्सिसो मार्तिनेस, जन्म १९११. शाळा जेमतेम, पोटासाठी शेतमजुरी. त्याने १९३०च्या दशकात सांतियागो आल्मेदा या साथीदाराबरोबर ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. आल्मेदा ‘बाहो सेक्स्तो’ हे बारा तारांचं, गिटारसारखं वाद्य वाजवायचा.

मार्तिनेसने एक गोष्ट केली. खर्ज आणि ठेका तारा सांभाळतच आहेत, तर आपण तेच पुन्हा कशाला वाजवायचं? डाव्या हाताची बटणं त्याने जवळजवळ सोडून दिली आणि सगळं लक्ष उजव्या हाताच्या चालीवर दिलं. आवाज मोकळा झाला, चाल पळू लागली. ‘कोन्हुंतो’ नावाची जी वाद्यवृंदाची शैली पुढे टेक्ससमध्ये बहरली, तिचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. पण केवळ संगीतावर त्याचं पोट कधी भरलं नाही. त्याने ट्रक चालवला, ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात नोकरी केली.

कुठल्याही शिक्षकाने त्याला अर्धं वाद्य सोडून द्यायची परवानगी दिली असती का? शिक्षक नसण्याचा हाही एक फायदा.

शिकता येणं आणि वाजवू दिलं जाणं

टेक्ससच्या शेजारी लुइझियाना. तिथल्या फ्रेंचभाषक खेड्यांमध्ये घराघरांतून नाच व्हायचे. मायक्रोफोन नव्हते. दहा बटणांची जर्मन पेटी त्या गर्दीवरही ऐकू जायची आणि दमट उकाड्यातही टिकायची.

अमेडे आर्द्वाँ हा तिथला कृष्णवर्णीय वादक, जन्म १८९८. तो फ्रेंचमध्ये गायचा, उंच आणि व्याकूळ आवाजात. डेनिस मॅगी या गोऱ्या व्हायोलिनवादकाबरोबर त्याने डिसेंबर १९२९ मध्ये पहिलं ध्वनिमुद्रण केलं. काळा आणि गोरा वादक एकत्र, तेही त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत. १९३४ पर्यंत त्याची ३४ गाणी मुद्रित झाली. आज ज्याला केजन आणि झायडिको संगीत म्हणतात, त्या दोन्हींच्या मुळाशी ही गाणी आहेत.

आर्द्वाँ गोऱ्यांच्या नाचांनाही वाजवायला जायचा. असं सांगतात की एका रात्री एका गोऱ्या मुलीने त्याला घाम पुसायला आपला रुमाल दिला आणि एवढ्यावरून परतताना त्याला अमानुष मारहाण झाली. त्यातून तो सावरला नाही. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो वारला.

डेमियनचं वाद्य कोणालाही शिकता येत होतं. ते कुठे, कोणासमोर वाजवायचं आणि वाजवून सुखरूप घरी यायचं की नाही, हे ठरवणारे वेगळे होते. या वाद्याचा इतिहास ‘साधं, सोपं, सर्वांसाठी’ एवढ्यावर संपवता येत नाही, तो यामुळे.

आर्द्वाँच्या ध्वनिमुद्रिका मात्र उरल्या. आयरी लजून नावाच्या, दृष्टी अतिशय अधू असलेल्या एका मुलाने त्या ऐकून ऐकून वादन उचललं. मधल्या काळात लुइझियानात अकॉर्डियन मागे पडलं होतं, व्हायोलिन आणि गिटारची चलती होती. लजूनचं १९४८ सालचं ‘लव्ह ब्रिज वॉल्ट्झ’ लोकांनी उचलून धरलं आणि बटणांची पेटी परत आली.

मोठी पेटी, छोटी पेटी

साधी वाद्यं शिकलेल्यांच्या नजरेत लवकर भरत नाहीत. आपल्याकडे पेटीचं काय झालं आठवा. नाट्यसंगीतापासून भजनापर्यंत ती घरोघरी पोचलेली असताना १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हा आक्षेप. १९७१च्या सुमाराला ही बंदी सैल झाली. भजनी मंडळांनी दरम्यान पेटी वाजवणं थांबवलं नव्हतं.

बटणांच्या अकॉर्डियनला हा सल खुद्द वादकांच्या घरातही सोसावा लागला. ब्राझीलचा लोकप्रिय गायक लुइज गोंझागा मोठं, १२० खर्जबटणांचं पियानो-अकॉर्डियन वाजवायचा. त्याचे वडील जानुआरियो गावात आठ खर्जबटणांची छोटी पेटी वाजवायचे. नाव कमावून मुलगा गावी परततो आणि गावकरी त्याला बजावतात की वडिलांचा मान राख, अशा प्रसंगावर गोंझागाने एक गाणं केलं, ‘रेस्पेइता जानुआरियो’. मोठ्या पेटीच्या वादकाने स्वतःचीच फिरकी घेतली आणि छोट्या पेटीला मान दिला.

आयर्लंडमध्ये वाद वेगळा होता. तिथे दोन ओळींची पेटी रुळली. ओळींमध्ये अर्ध्या स्वराचं अंतर, त्यामुळे सगळे कोमल-तीव्र हाताशी. १९५०च्या दशकात पॅडी ओब्रायन याने दोन्ही ओळींत बोटं फिरवत, भात्याची उलटापालट कमी करत सलग, गुळगुळीत वादन रूढ केलं. जुन्या पद्धतीचे वादक एका ओळीलाच धरून भाता झपाझप उलटवत राहिले. गॉलवेचा जो कूली हा त्यांच्यातला लाडका. एकाने धक्का कमी केला, दुसऱ्याने धक्क्यालाच रंगवलं. आयर्लंडमध्ये शिकायला बसलेल्याला आजही या दोन वाटांतली एक निवडावी लागते.

कोलंबियात तर हे गुराख्यांचं आणि शेतमजुरांचं संगीत १९६८ पासून व्हायेदुपार शहरातल्या उत्सवात राजेपदाच्या स्पर्धेला उभं राहतं. पहिला राजा आलेहो दुरान. स्पर्धकाला पासेओ, मेरेंगे, सोन आणि पुया असे चार प्रकार वाजवून दाखवावे लागतात. हातात बहुधा तीन ओळींची, ३१ बटणांची जर्मन पेटी. मुलांसाठी वेगळा गट असतो. तिथल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांची बोटं पाहिली की डेमियनने म्हटलेला ‘थोडा सराव’ म्हणजे नेमका किती, असा प्रश्न पडतो.

तर मग सोपं आहे का?

पहिली चाल सोपी आहे. माउथ ऑर्गन येत असेल तर एका संध्याकाळीही जमेल. त्यानंतर काही महिने हात आणि डोकं भांडत राहतात. बटण बरोबर, दिशा चुकलेली. दिशा बरोबर, हवा संपलेली. पट्ट्यांची पेटी वाजवणाऱ्याला तर हे आणखी जड जातं, कारण भात्याकडे लक्ष न देण्याची त्याच्या हाताला सवय असते.

यावर वादक एक जुना उपाय सांगतात. नव्या चाली गोळा करत बसू नका. आधीच तोंडपाठ असलेली एकच चाल घ्या, हळू वाजवा, आणि भाता कुठे उलटतो ते मोठ्याने म्हणा. मिट, उघड, मिट, उघड, मिट, उघड, उघड, मिट. तो ‘उघड, उघड’ विचार न करता यायला लागला की अर्धी लढाई जिंकली.

डेमियन पूर्ण खरं बोलला नव्हता, पण खोटंही नाही. त्याने दार सताड उघडं ठेवलं आणि आतला जिना किती उंच आहे ते सांगितलं नाही. मार्तिनेस, आर्द्वाँ, लजून, जानुआरियो त्याच दाराने आत आले. जिना दाखवणारं बहुधा कोणी नव्हतं. प्रत्येकाने आपापली पायरी घडवली, आणि आज शिकणारे त्याच पायऱ्यांवरून चढतात.