झाडांचे डॉक्टर आणि सिमेंटचं भरण

ओहायोत आम्ही घर घेतलं तेव्हा अंगणात एक सिल्व्हर मेपल आयताच मिळाला. दोन मजली घराच्याही वर गेलेला. फांद्या छपराला घासायला लागल्या तेव्हा मी चार जणांकडून दर मागवले आणि अस्सल पुणेरी हिशोबाने सगळ्यात स्वस्त माणूस निवडला. त्याने अर्ध्या दिवसात शेंडा उडवला, बाजूच्या फांद्या खोडालगत सपाट कापल्या, कापांवर काळा डांबरी रंग फासला आणि चेक घेऊन गेला. मला तर काम फारच टापटीप वाटलं होतं! सहा वर्षांनी एका वादळात खोड त्यातल्याच एका कापापाशी मोडलं आणि निम्मं झाड शेजाऱ्याच्या गाडीवर आलं.

मग जो माणूस आला त्याच्या शर्टावर 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' असं लिहिलेलं होतं. (शहरातल्या झाडांची निगा राखणं हेच ज्याचं शिक्षण आणि तोच धंदा, तो आर्बोरिस्ट.) मी आधीच्या माणसाला शिव्या घालत होतो. हा शांतपणे म्हणाला, "शेंडा उडवला ती त्याची चूक. पण हा सपाट काप आणि हा रंग? ते आमच्याच धंद्याने कित्येक वर्षं शिकवलं."

स्वतःच्या धंद्याची चूक इतक्या सहज कबूल करणारा माणूस भेटला की इंजिनियरला कुतूहल वाटतंच. मी वाचायला लागलो, आणि गोष्ट सुरू झाली ती ओहायोतच, केंट गावात.

इथे जॉन डेव्ही नावाचा माळी राहायचा. जन्म १८४६, इंग्लंडातल्या सॉमरसेटचा. अक्षरओळख झाली तीच विशीत. अमेरिकेत आल्यावर त्याने केंटच्या स्मशानभूमीची निगा घेतली आणि १९०१ मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक काढलं. झाड आजारी पडतं, त्यावर उपचार करता येतात, ही कल्पनाच तेव्हा लोकांना नवी होती. १९०९ मध्ये त्याची कंपनी रीतसर उभी राहिली, तिने स्वतःची शाळाही काढली. (त्याचा मुलगा मार्टिन पुढे ओहायोचा गव्हर्नर झाला!) या मंडळींचं गाजलेलं तंत्र म्हणजे दाताच्या डॉक्टरसारखं पोकळी कोरून साफ करायची आणि तीत सिमेंट भरायचं.

धंदा चालतो म्हटल्यावर भोंदूही आलेच. हातात कुऱ्हाड असलेला प्रत्येक जण 'ट्री सर्जन' झाला. कनेक्टिकट राज्याने १९१९ मध्ये कायदा केला की पैसे घेऊन झाडांवर काम करायचं तर परीक्षा देऊन परवाना घ्या. याच राज्याच्या परीक्षा मंडळाने १९२४ मध्ये शास्त्रज्ञ आणि कामकरी झाडवाले यांची बैठक बोलावली. तिथून 'नॅशनल शेड ट्री कॉन्फरन्स' उभी राहिली, जिला आज 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' म्हणतात. व्यावसायिकांची वेगळी संघटना १९३८ ची. तिचं आजचं नाव 'ट्री केअर इंडस्ट्री असोसिएशन'. मधल्या काळात १९३० मध्ये, पुन्हा ओहायोतच, एल्मच्या झाडांवरचा डच एल्म रोग सापडला आणि गावोगावच्या रस्त्यांवरची सावली गेली. या लोकांना कामाची कमतरता कधीच पडली नाही.

आणि मग आला ॲलेक्स शिगो. हा सरकारी वनखात्याचा शास्त्रज्ञ, न्यू हॅम्पशायरमधला. इतरांनी झाडं आडवी कापून वलयं मोजली. याने चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी चिरली आणि जुन्या जखमांचं आत काय झालं ते पाहिलं. त्याला दिसलं ते असं की आपली कातडी भरून येते तसं झाडाचं लाकूड भरून येतच नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जहाजात पाणी शिरल्यावर कप्प्यांची दारं बंद करतात ना, तसं. १९७७ मध्ये त्याने ही मांडणी प्रसिद्ध केली.

आता याचा अर्थ काय झाला पाहा. पोकळी कोरून 'साफ' करणारा माणूस झाडाने उभारलेली भिंतच फोडत होता. वाऱ्यात डोलणाऱ्या खोडात सिमेंटचा दगड भरत होता. काळ्या रंगाने कूज थांबत नव्हती. आणि खोडालगतचा सपाट काप फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर गाठ उडवत होता. झाडाचं संरक्षण नेमकं तिथेच असतं. म्हणजे आमच्या मेपलचं मरण मी टापटीप म्हणून विकत घेतलं होतं.

तीस-तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसांना हे ऐकवणं सोपं नव्हतं. विरोध झालाच. पण झाडवाल्यांच्या परिषदांत, कार्यशाळांत शिगो तेच सांगत राहिला, आणि हळूहळू संघटनांनी आपलंच शिक्षण बदललं. १९९२ पासून आर्बोरिस्टची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि दर तीन वर्षांनी नवं काही शिकल्याचा पुरावा. १९९५ मध्ये 'ए-३००' हे छाटणीचं राष्ट्रीय मानक आलं. फांदी कुठे कापायची, किती कापायची, सगळं लेखी. सुरक्षेचं मानक त्याआधीचं, १९७२ चं; त्यामागे एका आईचा पाठपुरावा होता, जिचा तरुण मुलगा झाड छाटताना विजेच्या धक्क्याने गेला होता.

अर्थात सगळं आलबेल नाही. ओहायोत झाडं छाटायला राज्याचं लायसन्स आजही लागत नाही. माझ्यासारखी स्वस्ताई शोधणारी गिऱ्हाइकं आहेत तोवर तो काळा रंगही विकला जाणारच.

मागच्या पावसाळ्याआधी पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. सोसायटीतला गुलमोहर कलला होता. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे महापालिकेत अर्ज झाला, परवानगी आली. मी विचारलं, "कापणारा कोण?" तो म्हणाला, "येईल कोणीतरी." मग मी त्याला बुंध्याचा फोटो पाठवायला सांगितलं. झाडाभोवती अगदी खोडापर्यंत फरशी होती, मुळांना श्वास घ्यायला वीतभरही माती नाही. छाटणीचं नंतर बघू म्हटलं, आधी फरशी उखड. आता सोसायटीच्या सभेत तो विषय आहे, पार्किंगच्या खालोखाल.