मंगळावरचे कालवे

इ. स. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या पुष्कळच निकट आला होता. ती संधी साधून मिलान येथील ब्रेरा वेधशाळेचे संचालक जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी त्या ग्रहाचा नकाशा रेखाटण्यास आरंभ केला. त्यात त्यांनी काही बारीक रेषा दाखविल्या व त्यांना इटालियन भाषेत ‘कानाली’ म्हटले. या शब्दाचा अर्थ पाण्याची निसर्गनिर्मित वाट असाही होतो आणि माणसाने खणलेला कालवा असाही होतो. इंग्रजीत जाताना दुसराच अर्थ तेवढा उरला. सुवेझचा कालवा खुला होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे लोटली होती. कालवा म्हटला की खणणारा आलाच!

त्या खणणाऱ्याचा ध्यास घेतला पर्सिव्हल लॉवेल या धनाढ्य अमेरिकन गृहस्थाने. १८९४ साली त्याने ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली. मंगळ आटत चालला असून तेथील सुज्ञ जीव ध्रुवांवरील बर्फाचे पाणी विषुववृत्ताकडे नेऊन कसेबसे तग धरीत आहेत, असा त्याचा सिद्धान्त. त्या काळच्या समजुतीचा जोर असा की, १९०० साली परग्रहाशी संपर्क साधणाऱ्यास फ्रान्समध्ये एक लक्ष फ्रँकचे पारितोषिक जाहीर झाले, ते मंगळ वगळून. मंगळाशी बोलणे फारच सोपे ठरले असते!

शंका घेणारेही होतेच. १९०३ मध्ये ग्रिनिचचे ज्योतिर्विद मॉन्डर यांनी शाळकरी मुलांपुढे नुसत्या ठिपक्यांची व डागांची चित्रे ठेविली, तर ठराविक अंतरावरील मुलांनी त्यांत सरळ रेषा काढून दिल्या. मुलांना कोणी कालव्यांविषयी सांगितले नव्हते. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतितत्त्व मांडणारे वॉलेस तर वयाच्या ८५ व्या वर्षी, १९०७ मध्ये, लॉवेलच्या खंडनार्थ पुस्तक लिहून मोकळे झाले. मंगळ इतका थंड की तेथे पाणी वाहूच शकणार नाही, आणि वाहिलेच तर उघड्या कालव्यातून वाटेतच नाहीसे होईल, हा त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. पुढे १९०९ मध्ये पॅरिसजवळील म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून आंतोनियादी यांना रेषांच्या जागी विस्कळीत डाग दिसले. लॉवेल मात्र १९१६ मध्ये निधन होईतो आपल्या मतावरून ढळला नाही.

१९६५ च्या जुलैत मरिनर ४ या यानाने धाडलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते. होती ती उल्काघातांची विवरे. वातावरणही पृथ्वीच्या शतांशाहून विरळ निघाले.

तोवर शोधाची दिशाच पालटली होती. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथून ताऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण वळवून सुमारे १५० तास कानोसा घेतला. त्या ताऱ्यांकडून काहीच ऐकू आले नाही.