आधी हाक, मग पाऊल

थांबा. इथून पुढे न विचारता जायचं नाही.

साल 1650च्या आगेमागे. काळ्या वाळूचा किनारा ओलांडून तुम्ही हवाई बेटावरच्या वायपिओ खोऱ्याच्या तोंडाशी आला आहात. दोन्ही बाजूंना हिरवे उभे कडे, आत खोलवर हिइलावे धबधब्याची पांढरी रेघ. कॅप्टन कुकची जहाजं या बेटांना लागायला अजून सव्वाशे वर्षं आहेत. तुमच्या बरोबरचा माणूस पायवाटेवरच उभा राहतो आणि खड्या आवाजात ओली, म्हणजे हवाईयन पठण, म्हणू लागतो. तो कोण, कुणाचा, कोणत्या खोऱ्यातून आला, कशासाठी आला, हे सगळं त्या पठणात येतं. म्हणून झालं की तो गप्प. पलीकडून उत्तराची ओली आली की मगच आत जायचं.

कोकणात खळ्यात पाय ठेवताच ‘कोणाचा रे तू?’ असं विचारतात, तसाच हा प्रश्न. फक्त इथे तो विचारला जायच्या आधीच उत्तर द्यायचं असतं. उत्तराची वाट बघताना तुम्हाला अवघडल्यासारखं होतं. त्याला होत नाही. आजा-पणजाची नावं नुकतीच त्याच्या तोंडून गेली आहेत, आणि ती मागे उभी असताना थांबण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. या बेटांवरचा आत्मविश्वास मला सर्वांत आधी इथे दिसतो: परवानगी मागणाऱ्या माणसात.

आता गुडघाभर चिखलात उतरा. पानं ओळखीची आहेत, हा आपला अळूच. इथे तो कालो, आणि पानापेक्षा कंदाला मान मोठा. पाणी गार लागतं, कारण ते वाहतं आहे. ओढ्याचं पाणी पाटाने येतं, एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं आणि शेवटी पुन्हा ओढ्यालाच मिळतं. ते साचलं, तापलं तर कंद सडतो. पाटाच्या कामाला जो जितके हात देईल, त्या मानाने त्याची पाण्याची पाळी. शेजारचा गडी कंदाभोवतीची माती बोटांनी सैल करतो आणि एक हिसडा देऊन रोप उपटतो. कंद कापून घेतो, पण त्याची वरची चकती देठांसकट राखून ठेवतो. तिला हुली म्हणतात. तीच हुली पुन्हा चिखलात रोवायची. बियाण्याचा संबंधच नाही; तुमच्या हातातलं रोप कुणाच्या तरी पणजोबांनी रोवलेल्या रोपाचंच आहे.

काम करता करता तो गडी गोष्ट सांगतो. वाकेआ आणि होओहोकुकलानी यांचं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. त्यांनी ते घराजवळ पुरलं आणि तिथून पहिला कालो उगवला. दुसरं मूल जगलं. थोरल्याचंच नाव त्याला ठेवलं, हालोआ, आणि सगळी माणसं त्याच्या वंशातली. म्हणजे तुम्ही ज्याच्या मुळाशी उभे आहात तो तुमचा थोरला भाऊ. धाकट्याने त्याची निगा राखायची, थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं. एवढी नातीगोती ठाऊक असलेल्या माणसाला आपण जगात कुठे बसतो हे वेगळं शोधावं लागत नाही.

संध्याकाळी भट्टीच्या खड्ड्यात भाजलेले कंद लाकडी फळीवर येतात. दगडी बत्त्याचे घाव पडतात, ओल्या हाताने गोळा उलटला जातो, पुन्हा घाव. पाणी घालत घालत त्याची पोई होते. पोईचं भांडं उघडं असेपर्यंत भांडायचं नाही, हा इथला रिवाज. हालोआच्या समोर कोण भांडेल? पण तुम्ही बाई असाल तर तुमचं जेवण वेगळ्या घरात मांडलेलं आहे, आणि केळं नि डुकराचं मांस तुम्हाला वर्ज्य. नियम मोडला तर जीव जाऊ शकतो. हेही या परंपरेतच होतं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. 1819 मध्ये काआहुमानू नावाच्या राणीच्या पुढाकाराने हा निर्बंध मोडला. मोडणारे हातही हवाईचेच होते.

पुढे सरका. सप्टेंबर 1897, हिलो गाव. सभागृह बायकांनी भरलं आहे. चार वर्षांपूर्वी, अमेरिकी नौसैनिक उतरलेले असताना, मूठभर व्यापारी-मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानीला पायउतार केलं. आता अमेरिकेत विलीनीकरणाचा करार वॉशिंग्टनच्या सेनेटपुढे आहे. एमा नावाही नावाच्या बाई बोलायला उभ्या राहतात. मग विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या अर्जाचा कागद फिरतो आणि तुमच्यापर्यंत येतो. वरचा मजकूर हवाईयन आणि इंग्रजीत, खाली नाव आणि वय लिहायची जागा. ज्या भाषेत तुम्ही नाव लिहिताय, तिच्यातलं शिक्षण वर्षभरापूर्वीच्या कायद्याने शाळांतून उठलं आहे. लिहा नाव.

अशा 21,269 सह्या झाल्या. त्या वेळी मूळ हवाईयन लोक होते सुमारे 40 हजार. चार प्रतिनिधींनी त्या सह्या वॉशिंग्टनला नेल्या आणि कराराला लागणारी दोन तृतीयांश मतं सेनेटमध्ये जमली नाहीत. तरीही जुलै 1898 मध्ये साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने बेटं अमेरिकेला जोडली गेली. कागद दप्तरात गेले ते जवळजवळ शंभर वर्षं. 1990च्या दशकात नोएनोए सिल्वा या अभ्यासक बाईंनी ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पुढे आणले, आणि लोक आपापल्या पणजीची सही शोधू लागले. पूर्वज निमूटपणे तयार झाले होते, असं पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेल्या माणसाला ते अक्षर दिसणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

आणि आता 1976. मे महिना, विषुववृत्ताजवळ कुठेतरी, रात्र. पायाखाली दोन होड्या जोडून केलेली, साधारण 62 फुटी शिडाची नाव, होकुलेआ. हे ताऱ्याचं नाव. आपण ज्याला स्वाती म्हणतो तोच हा तारा. 1 मे रोजी तुम्ही मौई बेटाच्या होनोलुआ उपसागरातून निघालात. जायचंय ताहितीला, चार हजार किलोमीटर. वाट काढायला होकायंत्र नाही, नकाशा नाही. कुणी म्हणतं पॉलिनेशियन लोक वाऱ्याने भरकटत या बेटांवर पोहोचले, कुणी म्हणतं ते दक्षिण अमेरिकेतूनच आले. वाट काढत आले असतील, हे पुष्कळ विद्वानांच्या पचनी पडत नाही. त्याचा निकाल या नावेवर लागायचा आहे.

वाट दाखवणारे माऊ पियाईलुग हवाईचे नाहीत. हवाईत ही विद्या जाणणारा कुणी उरलेला नाही, म्हणून मायक्रोनेशियातल्या साटावाल या चिमुकल्या बेटावरून त्यांना बोलावून आणलं आहे. हे पाणी त्यांनी पूर्वी पाहिलेलं नाही. जागरणाने डोळे लाल आहेत. ढग आले, तारे गेले. तुम्ही घाबरून त्यांच्याकडे बघता, तर ते नुसते पडून आहेत. पाठीखालून जाणाऱ्या लाटांचा झोका मोजत. लाटा दोन दिशांनी येताहेत, एक लांब आणि संथ, दुसरी तिला छेदणारी. तो छेद बदलला की नाव वळली. लहानपणी आजोबा त्यांना समुद्राच्या डबक्यात बसवत, पाण्याची चाल अंगाला कळावी म्हणून.

महिना उलटायच्या सुमाराला पांढऱ्या कुररी पक्ष्यांचे थवे दिसतात. रात्री जमिनीवर परतणारे हे पक्षी. मग मातैवा हे प्रवाळबेट, आणि 4 जूनला पापीते बंदर. काठावर सतरा हजारांवर माणसं. मुलं नावेवर इतकी चढतात की मागची बाजू पाण्यात बुडते.

नाव परतताना माऊ तिच्यावर नव्हते. खलाशांतल्या भांडणांना कंटाळून ते गेले होते. पण 1979 मध्ये ते पुन्हा आले, नाइनोआ थॉम्पसन या तरुणाला शिकवायला. ओआहूच्या कड्यावर उभं करून त्यांनी त्याला विचारलं, ताहिती दिसतं का? बेट डोळ्यांना दिसत नाही, पण मनात त्याचं चित्र आहे, असं तो म्हणाला. ते चित्र हरवू देऊ नकोस, हरवलं तर तूही हरवशील, असं माऊंनी बजावलं. पुढच्याच वर्षी नाइनोआने ताहितीला जाऊन-येऊन वाट काढली. भाषेचंही तसंच: 1978 मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली होती. 1984 मध्ये काउआई बेटावर तिच्यातली पहिली बालवाडी उघडली.

आता परत या, आजच्या तारखेला. आपली कितीतरी माणसं अमेरिकेत आहेत आणि सुट्टीत हवाईला जातात. तुम्ही गेलात तर वायकिकीच्या हॉटेलातून एक सकाळ काढा आणि ओआहूवरच्याच हेइया खोऱ्यात जा. तिथे कालोची खाचरं पुन्हा उभी राहताहेत आणि बाहेरच्यांनाही चिखलात काम करू देतात. फोटो काढण्याआधी विचारा, आणि आपण कुठले, कुणाचे ते आधी सांगा.